कापून टाकायची बाजू

हे मनन डोळे मिटून करायचं नाही. डोळे उघडे हवेत, त्यांवर कारखान्यात वापरतात तसला पारदर्शक चष्मा हवा, पायांत बूट हवेत आणि समोर एक पत्रा. महिना मेचा, तोही संपत आलेला. वेळ चारनंतरची. त्याआधीची चालणार नाही. नवी मुंबईतल्या सोसायट्या पाणी, पार्किंग, लिफ्ट या बाबतींत बरंच सोसतात, पण दुपारच्या झोपेत वाजलेला हातोडा सोसत नाहीत.

काम लहान आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा सिमेंटचा छज्जा पावसात भिजतो. पाणी त्याच्या कडेवरून सरळ खाली पडलं तर प्रश्नच नव्हता. पण ते कडेला वळसा घालतं आणि छज्ज्याच्या पोटाखालून सरपटत भिंतीकडे येतं. ते मध्येच तुटावं म्हणून बांधताना छज्ज्याच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच ठेवतात. प्लास्टरच्या डागडुज्या आणि रंगाचे हात चढत गेले की ती खाच बुजते, आणि खिडकीच्या वर ओल धरते. त्यावर साधा उपाय म्हणजे छज्ज्याच्या कडेला पत्र्याची एक पट्टी लावायची, तिची खालची कड जराशी बाहेर झुकवायची. पाणी त्या कडेपर्यंत येतं, पुढे चिकटायला जागा नसते, मग पागोळी होऊन पडतं. ही पट्टी आपण आज घरी, हाताने कापणार आहोत.

पत्रा टेबलावर आडवा ठेवा आणि त्यावर तळवा टेकवा.

थंडीच्या दिवसांत तो गार लागला असता. खोलीतल्या लाकडापेक्षा तो गार असतो असं नाही. तो तळव्यातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, एवढंच. मे महिन्यात मात्र खोलीची हवा आणि हाताची कातडी यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, त्यामुळे पत्रा गारही लागत नाही आणि ऊनही नाही. फक्त गुळगुळीत लागतो. हात तसाच राहू द्या. आता बोटं कडेकडे नेऊ नका. कड अजून आपल्या ओळखीची नाही.

हा जस्त चढवलेला, जीआय पत्रा आहे, २४ गेजचा, म्हणजे जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, साधारण ०.५६ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की जाडी घटते. १८ गेज सव्वा मिलिमीटरच्या जवळ जातो आणि घरगुती कात्रीला तिथे घाम फुटतो. आठ बाय चार फुटांचा २४ गेजचा अख्खा पत्रा तेरा किलोंच्या आसपास भरतो. कळंबोलीला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने लोखंड-पोलादाचा जो बाजार वसवला, तिथे असे पत्रे ट्रकांनी येतात, गुंडाळ्यांनी येतात, पण तिथे एका खिडकीपुरतं मागायला जायला धीर लागतो. हार्डवेअरचा दुकानदार फुटावर कापून देतो. तो कापतो तेव्हा त्याच्या हाताकडे बघून घ्या. तो बोलत असतो, फोन घेत असतो, आणि कात्री चाललेली असते.

पत्रा उजेडाकडे तिरका धरा. त्यावर राखाडी पानांसारखी नक्षी दिसेल, कुठे ठळक, कुठे पुसट. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून पोलाद बाहेर निघालं आणि जस्त थिजता थिजता त्याचे स्फटिक पसरले, त्याच्या या खुणा. आजकालच्या पत्र्यांवर ही फुलं मुद्दाम बारीक ठेवतात, रंग नीट बसावा म्हणून. जस्ताचा थर पाहायला गेलं तर काहीच नाही, मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा. पण ठाण्याची खाडी इतकी जवळ असताना, हवेत मीठ असताना, पोलाद आणि गंज यांच्यामध्ये तेवढाच आडोसा आहे. तो नखाने खरवडला जात नाही. खिळ्याने जातो. म्हणून जिथे कापायचं तिथे पोलादी आरेखणीने ओरखडा काढला तरी चालतो, पण जिथे पत्रा मोडायचा तिथे मार्करच वापरा. मोडीच्या रेषेवरचा ओरखडा म्हणजे गंजाला दिलेलं निमंत्रण.

गुण्या लावा. चार इंचांची पट्टी आखा, लांबी छज्ज्याएवढी. जुने फॅब्रिकेटर अजून सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मिलिमीटरच्या पट्टीवर वाढलेल्या माणसालाही लवकरच कळतं की पत्र्याच्या कामात सूत हेच सोयीचं माप आहे. डोळ्याला ते दिसतं. मिलिमीटरसाठी वाकावं लागतं.

रेषा आखून झाली. लगेच कात्री उचलू नका. रेषेकडे बघा, मग रेषेच्या दोन्ही बाजूंकडे. एक बाजू ठेवायची आहे, दुसरी टाकायची आहे. टाकायच्या बाजूवर मार्करने बारीक रेघोट्या मारा, चौकटभर. हे लहान मुलांसारखं वाटेल. पण आपल्या आजच्या बैठकीचा विषयच ती बाजू आहे.

कापायचं कशाने? प्रश्न विचारला की दहापैकी नऊजण ग्राइंडरकडे बोट दाखवतात. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. रेल्वेच्या रुळाएवढ्या जाड लोखंडासमोर हा वेग कामाचा आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यासमोर तो उगाच आहे, आणि नुकसानीचाही. जस्त ४२० अंशांना वितळतं, ९०७ अंशांना उकळतं. चकती लागली की कडेचं जस्त पहिलं पळतं, आणि त्याचा धूर नाकात जातो. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे वेल्डिंगवाल्यांना चांगलं माहीत असतं. शिवाय ठिणग्या. ठिणगी म्हणजे पोलादाचा तापलेला कण, तो शेजारच्या कोऱ्या पत्र्यावर जाऊन रुततो आणि पहिल्या पावसात तिथे तांबडा ठिपका उठतो. रंगीत पत्रे बनवणारे म्हणूनच चकतीने कापू नका असं सांगतात, आणि छतावर काम करणारे ते ऐकत नाहीत. नवी मुंबईत कुठल्याही गच्चीवरच्या निळ्या पत्र्याची कड जवळून बघा, कुणी कशाने कापली ते कळतं.

आवाजाचं वेगळंच. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत तांब्यावर पडणारे ठोके हाच शेजार होता. सगळी आळी तेच काम करायची, तक्रार कोण कुणाकडे नेणार. फ्लॅटमध्ये तसं नाही. भिंत सामाईक, स्लॅब सामाईक, आणि पत्रा तर स्वतःच आवाज पसरवणारा. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली, १९७० मध्ये सिडको झाली, आणि पुढे कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज रचलं, १९८३ ते १९८६ या काळात. सहा हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, सात-सात घरांच्या मधे आठ मीटर लांब-रुंद अंगण, आणि एकाही घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाही. हेतू असा, की ज्याला खोली वाढवायची त्याने शेजाऱ्याची परवानगी न घेता वाढवावी. लोकांनी ती इतकी वाढवली की मूळ घर ओळखू येत नाही. मला मात्र त्या सुट्या भिंतींचा हेवा वाटतो तो छन्नी-हातोड्यामुळे. उरलेल्या नवी मुंबईने गॅलरीत बसून कात्रीच चालवावी.

तर कात्री. पत्रा कापायची साधी, दहा-बारा इंची, लांब दांड्यांची, तोंडाने आखूड. किंवा ती दुसरी, दुहेरी सांध्याची, विमानांचे पत्रे कापण्यासाठी घडवलेली आणि आता कुठल्याही हार्डवेअरमध्ये टांगलेली. मुठींचे रंग नुसते शोभेचे नाहीत, पिवळी सरळ जाते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. कुठलीही घ्या. आधी ती रिकामी उघडा-मिटा. दोन्ही पाती एकमेकांना घासून जातात का ते ऐका. त्यांच्यात फट असेल तर पातळ पत्रा कापला न जाता त्या फटीत दुमडून अडकतो, आणि माणूस जोर वाढवतो. जोर वाढवायची गरज वाटली की थांबायचं आणि बोल्ट अर्धा आटा आवळायचा.

हातमोजे घाला. आता पहिला काप द्या, पण रेषेवर नाही. रेषेपासून अंगठाभर दूर, टाकायच्या बाजूला.

हे विचित्र वाटतं. रेषा आखायची आणि मग तिच्यापासून लांब कापायचं. पण काप देता देता कात्रीत काय होतंय ते बघा. वरचं पातं एका बाजूला खाली दाबतं, खालचं पातं दुसऱ्या बाजूला वर उचलतं. म्हणजे कापायचं असेल तर पत्र्याला दोन मजल्यांवर जावंच लागतं, आणि मधून कात्रीचं अवजड तोंड पुढे सरकायला वाटही लागते. दोन्ही बाजू रुंद असतील तर दोन्ही अडून बसतात. कात्री अडते, मनगट पिळलं जातं, कड लाटांसारखी होते. हा पहिला काप त्यामुळे ओबडधोबडच होणार आहे. होऊ द्या. त्याला कुणी बघणार नाही.

तो संपला की रेषेच्या बाहेर आता अंगठाभर रुंदीची चिंचोळी पट्टी उरली आहे. आता रेषेवर या.

कात्री पूर्ण उघडा. पत्रा पात्यांच्या मुळाशी, सांध्याजवळ सारा. मिटत जा, सावकाश. श्वासाकडे वेगळं लक्ष देऊ नका, कात्री मिटताना तो आपसूकच अडतो. फक्त उघडताना तो सोडायला विसरू नका. आणि टोकं एकमेकांना भेटायच्या आधी, बोटभर अलीकडे, थांबा. पातं पूर्ण मिटलं की टोक पत्र्याला आडवा चावा घेतं आणि कडेवर एक दात उमटतो. असे दात एकामागून एक राहिले की ती कड हाताला करवतीसारखी लागते. म्हणून अर्धवट मिटलेली कात्री तशीच पुढे सरकवा, पुन्हा उघडा, पुन्हा मुळाशी. कापात खंड पडू न देणं हे सगळं कौशल्य, आणि ते टोकापर्यंत न जाण्यात आहे.

नजर कुठे आहे? बहुतेक रेषेवर खिळली असेल. रेषेला नजरेचा एक कोपरा पुरतो. नजर त्या चिंचोळ्या पट्टीकडे न्या. ती कात्रीच्या बाजूने उठते आहे, वळते आहे, गोल गोल गुंडाळत चालली आहे, तिच्यावरच्या मार्करच्या रेघोट्यांसकट. ती जितकी मोकळेपणाने वळेल तितकी उरलेली बाजू टेबलाला चिकटून सपाट राहील. जो भाग ठेवायचा त्याला वाकवायचं नसेल, तर जो टाकायचा त्याला वाकायला जागा द्यावी लागते. मघाचा तो बाहेरचा काप याच्यासाठी होता. पट्टी कुठे टेबलाच्या कडेला अडली, कुठे तुमच्याच मनगटावर आली, तर लगेच चांगल्या बाजूला पोक येतो. पुढे कितीही ठोका, तो पुरता जात नाही.

काही वेळ फक्त हेच करा. कात्री पुढे, नजर पट्टीवर.

हाताने पत्रा कापायच्या सगळ्याच रीती शेवटी या एका प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत, की वाकणार कोण. वाइसमध्ये पत्रा धरून छन्नीने कापला, तर रेषेच्या वरचा, बाहेर राहिलेला भाग वेडावाकडा होतो आणि जबड्यातला सरळ राहतो; जबड्याची कडच तिथे खालचं पातं असते. हॅकसॉने कापलं तर कुणीच वाकत नाही, पण पात्याच्या जाडीएवढा पत्रा कीस होऊन जातो. पातळ पत्र्यावर हॅकसॉ तशी कुरकुरतेच: इंचाला ३२ दात असलेलं बारीक पातं घेतलं तरी दोन दातांमधलं अंतर या पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त पडतं, दात पत्र्यावर अडखळतो आणि मोडतो. त्यावर युक्ती म्हणजे पत्रा दोन प्लायवुडच्या तुकड्यांत दाबायचा आणि तिन्ही मिळून कापायचं, करवतीला वाटावं की आपण लाकूडच कापतोय. निबलर नावाचं यंत्र तर दोन्ही बाजू सपाट ठेवतं आणि मधला चिमूट चिमूट पत्रा चंद्रकोरींच्या आकारात तोडून खाली टाकतं. त्या चंद्रकोरी बुटाच्या तळव्यात रुततात आणि घरभर फिरतात. झाडूने भागत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं लागतं.

काप पूर्ण झाला. कात्री खाली ठेवा. मोजा घातलेल्या हाताने पट्टी उचला आणि कड डोळ्यांजवळ आणा, भिंग असेल तर उत्तम.

कड एकसारखी नाही. वरच्या अंगाला जराशी गोलाई आहे, जिथे पातं टेकलं आणि पत्रा आधी नुसता दबला. तिच्याखाली एक चकचकीत पट्टा, जिथे पातं खरोखर आत शिरलं. आणि त्याच्याखाली मळकट, खरबरीत भाग. तो कापलेला नाही, तुटलेला आहे. पातं जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, फार तर निम्म्यापर्यंत जातं. मग दोन्ही पात्यांच्या धारांपासून निघालेल्या भेगा एकमेकींना भेटतात आणि उरलेलं पोलाद आपलं आपण सुटतं. कात्री हातात धरलेल्या माणसाला वाटत असतं की सगळं आपण कापलं. अर्ध्याहून अधिक काम पत्र्याने स्वतः केलेलं असतं. भोथऱ्या कात्रीत तो चकचकीत पट्टा वेडावाकडा होतो आणि खालच्या कडेला बर उभी राहते, केसासारखी बारीक, बोट कापणारी.

ती बर कानसेने काढा. कानस कडेच्या लांबीने चालवा, आडवी नको. आडवी चालवली की पत्रा थरथरतो, किंचाळतो आणि शेजारी दार उघडून बघतात. दोन-तीन सावकाश हात पुरे. उरलेली बर मग चिंधीत अडकते का ते बघा. बोटाने बघू नका. पत्र्याची कड कापल्याचं कळतं ते रक्त दिसल्यावर, दुखतं त्यानंतर.

आता थोडा वेळ या उघड्या कडेपाशी थांबू. इथे जस्त नाही. वर आहे, खाली आहे, मधे अर्धा मिलिमीटर उघडं पोलाद. कुणालाही वाटेल की गंज इथूनच सुरू होणार. पण पाणी पडल्यावर पोलाद आणि जस्त यांच्यात एक बारीकशी बॅटरी तयार होते आणि तिच्यात झिजतं ते जस्त. शेजारचं पोलाद तोवर वाचतं. झाकलं नसतानाही वाचतं. पत्रा पातळ आहे म्हणून हे साधतं, कारण उघडं पोलाद जस्तापासून फार लांब नाही. अर्थात जस्त संपेपर्यंतच. खाडीकाठच्या खारट हवेत ते लवकर संपतं, तेव्हा कडेला झिंक प्रायमरचा एक हात द्यावा. तो वाळेपर्यंत चहा होतो.

मोडायचं काम लवकर आटोपतं. दोन लोखंडी अँगलमध्ये पट्टी मार्करच्या रेषेवर धरा, क्लॅम्प आवळा आणि लाकडी हातोड्याने लांबीभर थोडं थोडं वळवत न्या. एका जागी पूर्ण वळवून मग पुढे जायचं नाही, पत्रा तिथे ताणला जातो. खालची कड अर्धा इंच पूर्ण उलटी दुमडा, म्हणजे धार आत लपते आणि पट्टीला ताठपणा येतो. घरातल्या जुन्या जीआय बादलीची वरची कड चाचपून बघा. तिथे दुमडीच्या आत तार घातलेली असते, म्हणून ती बादली वर्षानुवर्षं कुणाचा हात कापत नाही आणि वाकतही नाही. आपल्या पट्टीला तार नको. दुमडलेली कड बाहेरच्या बाजूला थोडी झुकवली की झालं.

उरली ती चढवायची. छज्जा ओळंब्यात नसतो, कुठल्याच इमारतीचा नसतो. पट्टी टेकवली की दोन्ही टोकं भिडतात आणि मधे सूतभर फट राहते. तशीच आवळली तर स्क्रूपाशी खड्डा पडतो आणि मघापासून जपलेला सपाटपणा तिथे जातो. फटीत पॅकिंग लागतं, आणि ते त्याच धातूचं असलेलं बरं. तांब्या-पितळेचा तुकडा घातला तर मघाची ती बॅटरी पट्टीतलं जस्त खायला लागेल. मघाशी अंगठाभर दूर दिलेल्या ओबडधोबड कापाबाहेरचा रुंद तुकडा टेबलाखाली पडला असेल, रेघोट्या मारलेला. तो उचला. त्यातून दीड-दीड इंचाचे चौकोन कापा, लाकडावर ठेवून ठोकून सरळ करा, मधे भोक पाडा. एकावर एक पाच-सहा रचले की एक सूत भरतं.

चिंचोळी गुंडाळी मात्र कशाच्याच कामाची नाही. ती कागदात नीट बांधून भंगाराच्या पिशवीत टाका, उघडी टाकू नका. पिशवीत हात घालणाऱ्या भंगारवाल्याने मोजे घातलेले नसतात.